नांदेड-४४ : घरची सरकी पेरली तर पीक का बिघडतं? संकरित आणि सरळ वाणातला फरक समजून घ्या

जूनचा पहिला आठवडा आला की नांदेड, परभणी, हिंगोली भागातल्या कृषी सेवा केंद्रांसमोर एकच दृश्य दिसतं. गर्दी, उन्हात लावलेल्या गाड्या आणि कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांची चौकशी. एका पाकिटात साधारण ४५० ग्रॅम बी. बीजी-२ कापसाच्या अशा पाकिटाची केंद्र सरकारने ठरवून दिलेली कमाल किंमत २०२४ मध्ये ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ती ९०१ रुपये झाली.

आता घरातल्या आजोबांना विचारा. ते सांगतील, "आमच्या काळी कापसाचं बी कुणी विकत घेत नव्हतं. जिनिंगवरून सरकी आणायची, शेणात चोळायची आणि पेरायची."

मग मधल्या काळात असं काय झालं, की ज्या पिकाच्या प्रत्येक बोंडात पंचवीस-तीस बिया असतात, त्या पिकाचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं? कंपन्यांनी बियांत काहीतरी 'लॉक' टाकलंय का? हा प्रश्न व्हॉट्सअॅपवर दर खरिपात फिरतो. उत्तर आहे, नाही. लॉक वगैरे काही नाही. खरं उत्तर कापसाच्या फुलात आहे, आणि ते समजून घ्यायला नांदेडमध्येच तयार झालेल्या एका वाणाची गोष्ट सगळ्यात सोपी पडते. त्याचं नाव नांदेड-४४.

नांदेड आणि कापूस हे नातं किती जुनं?

निजामाच्या राज्यात नांदेडची ओळख होती ती 'गावरानी' कापसासाठी. हा देशी कापूस. शहरातली उस्मानशाही मिल याच कापसाच्या पट्ट्यात उभी राहिली. कापसावर संशोधन करणारं नांदेडचं केंद्रही स्वातंत्र्याच्या आधीपासूनचं. १९७२ मध्ये परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हे केंद्र विद्यापीठाकडे आलं. २०१३ मध्ये याच विद्यापीठाचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असं झालं.

इथे एक मूलभूत फरक लक्षात ठेवा. देशी कापूस आणि अमेरिकन कापूस या दोन वेगळ्या जाती आहेत. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. त्यामुळे या दोघांचा संकर सहजासहजी जमत नाही, आणि जमला तरी होणारं झाड बहुतेक वेळा वांझ निघतं. आज आपल्या शेतात दिसणारा जवळपास सगळा कापूस अमेरिकन जातीचा आहे. नांदेड-४४ सुद्धा त्यातलाच.

१९७० मध्ये गुजरातमधल्या सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा संकरित कापूस तयार केला. व्यापारी पातळीवर पिकवला गेलेला हा जगातला पहिला संकरित कापूस मानला जातो. त्यानंतर १९७२ मध्ये कर्नाटकातून 'वरलक्ष्मी' आला. मग प्रत्येक कापूस केंद्राने आपापल्या भागाला चालेल असा संकर शोधायला सुरुवात केली. नांदेडच्या केंद्रातून १९८० च्या दशकात बाहेर आला तो एनएचएच-४४, म्हणजेच 'नांदेड हायब्रीड ४४'.

बीटी येण्याआधीच्या काळात हा महाराष्ट्रातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हक्काचा वाण होता. पाऊस ओढून बसला तरी तग धरायचा, मावा-तुडतुड्यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी सहन करायचा आणि पहिला बहर गेला तरी पुन्हा फुलून यायचा. पण त्याचं बी घरी धरून चालत नव्हतं. का, ते बघू.

फुलात नेमकं काय घडतं?

बहुतेक पिकांच्या फुलात दोन भाग महत्त्वाचे. पुंकेसर, ज्यातून परागकण निघतात, आणि स्त्रीकेसर, ज्याच्या तळाशी बीजांडं असतात. परागकण स्त्रीकेसरावर पडला, त्यातून बारीक नळी निघून ती बीजांडापर्यंत पोचली, की बी तयार व्हायला लागतं. त्या बियेत अर्धी जनुकं परागाकडून येतात आणि अर्धी बीजांडाकडून.

आता प्रश्न असा, की पराग येतो कुठून? त्याच फुलातून की शेजारच्या झाडावरून? यावर तीन प्रकार पडतात आणि तिन्हींची उदाहरणं नांदेड-लातूर पट्ट्यातच सापडतात.

पहिलं सोयाबीन. लातूरच्या बाजार समितीची ओळखच आज सोयाबीन आहे. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीकरण उरकतं. बाहेरचा पराग येण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. त्यामुळे आईसारखंच लेकरू. परभणी विद्यापीठाचा एमएयूएस-७१ पेरला, तर त्यातून मिळणारं बी एमएयूएस-७१ च राहतं.

दुसरं सूर्यफूल. इथे उलटा कारभार. बहुतांश पराग मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रात सूर्यफुलावर काम चालतं, तिथून एलएसएफएच-१७१ सारखे संकरित वाण आले आहेत.

तिसरा आपला कापूस, दोन्हींच्या मधला. फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, बहुतेक परागीकरण स्वतःचंच होतं. पण मधमाश्या फिरत असल्यामुळे पाच-दहा टक्के, कधी त्याहून जास्त फुलांत शेजारचा पराग येतो.

थोडक्यात, कापूस मोकळा सोडला तर तो बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतो. मग संकर करायचा कसा? हाताने.

एका पाकिटामागे किती हात लागतात?

नांदेड-४४ चे आई-बाप कागदोपत्री नोंदवलेले आहेत. मादी वाण बिकानेरी नरमा आणि नर वाण एसी-७३८. दोन्ही अमेरिकन जातीचे, दोन्ही स्वतंत्रपणे बी धरणारे. यांचं लग्न लावायचं तर काम असं चालतं.

दुपारनंतर बाया मादी झाडांच्या ओळीत शिरतात. उद्या सकाळी उमलणारी कळी ओळखायची. ती फुगलेली असते आणि पाकळ्यांचं टोक बाहेर डोकावत असतं. अंगठ्याच्या नखाने कळीच्या तळाशी हलका काप द्यायचा आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी अलगद उपसून काढायची. आतलं स्त्रीकेसर तसंच शाबूत राहायला हवं. नख जरा जास्त रुतलं तर कळी गळते, कमी रुतलं आणि एखादा परागकोश राहून गेला तर स्वतःचाच पराग पडून बी 'भेसळीचं' होतं. मोकळ्या झालेल्या स्त्रीकेसरावर कागदाची छोटी टोपी चढवायची, म्हणजे रात्रीतून किंवा पहाटे कुणी पाहुणी मधमाशी येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाची ताजी फुलं तोडून आणायची, टोपी काढायची आणि नर फूल स्त्रीकेसरावर हलकं फिरवायचं. एका नर फुलात चार-पाच मादी फुलं भागतात. मग खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेलं बोंडच बियाण्यासाठी वेचायचं.

जरा हिशोब मांडू. कापसाच्या शंभर बियांचं वजन साधारण ९ ग्रॅम धरलं, तर ४५० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ५,००० बिया बसतात. संकर केलेल्या एका बोंडातून २५ बिया मिळाल्या असं मानलं, तर एका पाकिटामागे किमान २०० कळ्या नखाने सोलाव्या लागतात आणि २०० फुलांवर हाताने पराग लावावा लागतो. आणि प्रत्येक संकर बोंड धरतोच असं नाही. म्हणजे संकरित कापूस हे जितकं प्रयोगशाळेतलं विज्ञान आहे, तितकंच ते मजूर बायांच्या बोटांचं काम आहे. या कामात लहान मुलांना जुंपलं जाण्याचा प्रश्नही देशात अनेक वर्षं चर्चेत राहिला.

सूर्यफुलात हे सगळं टळतं. १९६९ मध्ये फ्रान्सच्या लेक्लर्क या शास्त्रज्ञाने सूर्यफुलात अशी ओळ मिळवली जिच्या फुलात परागच तयार होत नाही. मादी ओळीत पराग नाही, शेजारी नर ओळ लावली, बाकीचं काम मधमाश्या करतात. कापसातही असे प्रयत्न झाले, पण भारतात कापसाच्या बियाण्याचा बहुतांश कारभार आजही नखावरच चालतो.

एवढा खटाटोप करायचा कशासाठी?

दोन वेगवेगळ्या, स्थिर वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीचं झाड बऱ्याचदा दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघतं. याला संकरजोम म्हणतात. आईच्या वाणातली एखादी दुबळी बाजू बापाच्या जनुकाने झाकली जाते आणि बापाची आईच्या जनुकाने. शिवाय पहिल्या पिढीतली सगळी झाडं जवळपास एकसारखी असतात, कारण प्रत्येकाला आईकडून तोच संच आणि बापाकडून तोच संच मिळालेला असतो. एकसारखी उंची, एकाच वेळी फुलोरा, एकसारखं बोंड.

मग दुसऱ्या वर्षी बिघडतं कुठे?

समजा, तुम्ही नांदेड-४४ च्या शेतातली सरकी राखून ठेवली आणि पुढच्या वर्षी पेरली. ही दुसरी पिढी. पहिल्या पिढीच्या झाडात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती होत्या, एक आईची आणि एक बापाची. हे झाड स्वतः पराग आणि बीजांड बनवतं तेव्हा पत्ते पिसल्यासारखं होतं. प्रत्येक परागात आणि बीजांडात दोनपैकी कोणतीही एकच प्रत जाते.

ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्ये हे मांडलं होतं. एका जनुकापुरतं बघितलं तर दुसऱ्या पिढीत चारपैकी सरासरी एका झाडाला दोन्ही प्रती आईच्या मिळतात, एकाला दोन्ही बापाच्या, आणि फक्त दोघांना आईची एक-बापाची एक अशी जोडी मिळते. म्हणजे एकाच पिढीत संकराची निम्मी शिदोरी संपली.

हे झालं एका जनुकाचं. समजा जोम दहा जनुकांच्या जोड्यांवर अवलंबून आहे. दहाही जोड्या पहिल्या पिढीसारख्या राहण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. कापसात तर गुणसूत्रांच्या २६ जोड्या आहेत. नुसती गुणसूत्रं अखंड गेली असं धरलं, तरी एका झाडातून ६ कोटी ७१ लाखांहून जास्त प्रकारचे परागकण तयार होऊ शकतात.

म्हणून दुसऱ्या वर्षी शेतात एक झाड कमरेला, एक गुडघ्याला, एकाचं बोंड टपोरं, दुसऱ्याचं बारीक, एक लवकर फुटतंय, दुसरं अजून फुलावर अशी गत होते. बी उगवत नाही असं नाही. बी उगवतं, झाड येतं, बोंडंही लागतात. फक्त तो नांदेड-४४ उरत नाही. लॉक कंपनीने लावलेलं नाही, ते मेंडेलच्या नियमातच आहे. पण ज्याच्याकडे आई आणि बाप हे दोन्ही वाण आहेत, किल्ली त्याच्याच हातात राहते, हेही तितकंच खरं.

नांदेड-४४ बाबतीत ते पालक सार्वजनिक विद्यापीठाकडे होते. म्हणून हा वाण कुण्या एका कंपनीचा नव्हता.

बीटी आलं आणि चित्र पालटलं

मराठवाड्यातलंच दुसरं टोक म्हणजे जालना. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच कंपनीने अमेरिकेच्या मोन्सँटोसोबत आणलेल्या बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

बीटी म्हणजे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हा मातीतला जिवाणू. त्याचं एक जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं, जे बोंडअळीच्या आतड्यावर घाव घालतं. पहिल्या पिढीत एक जनुक होतं, क्राय १एसी. २००६ मध्ये आलेल्या बीजी-२ मध्ये त्याच्या जोडीला क्राय २एबी आलं.

अमेरिकन बोंडअळीने हैराण झालेल्या शेतकऱ्याने बीटी उचलून धरलं. दहा वर्षांत देशातल्या कापसाच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी पोचलं. आणि हे सगळं बीटी आलं ते संकरित वाणांतूनच. ज्या वाणात बीटी नाही तो बाजारातून बाहेर, असा प्रकार झाला. नांदेड-४४ मध्ये बीटी नव्हतं. कोरडवाहूचा राजा दोन-चार वर्षांतच मागे पडला.

मग त्यात बीटी टाकलं का नाही?

टाकायचा प्रयत्न झाला, आणि तिथेच या गोष्टीतला सगळ्यात चर्चेचा भाग येतो.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि इतर सरकारी शास्त्रज्ञांनी मिळून बिकानेरी नरमा या वाणात क्राय १एसी जनुक असलेला बीटी कापूस पुढे आणला. बिकानेरी नरमा हा सरळ वाण, म्हणजे त्याचं बी शेतकऱ्याला राखता येणार होतं. आणि हीच नांदेड-४४ ची आई. आईत बीटी आलं की लेकरात आलंच. २००८ मध्ये बिकानेरी नरमा बीटीला आणि २००९ मध्ये नांदेड-४४ बीटीला मंजुरी मिळाली. स्वस्त, सरकारी, कंपनीच्या परवाना शुल्काशिवायचं बीटी म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला.

पण हे बियाणं लवकरच मागे घ्यावं लागलं. त्यात मोन्सँटोच्या जनुकाचे, म्हणजे मोन-५३१ चे अंश सापडले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने एस. के. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१२ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने ही भेसळ असल्याचं मान्य केलं. शेतकऱ्याच्या हाती येऊ घातलेलं पहिलं सरकारी बीटी असं गेलं.

पुढे वेगळा रस्ता धरला गेला. विद्यापीठाने महाबीजसोबत करार केला आणि नांदेड-४४ बीजी-२ स्वरूपात परत आला. यासाठी जी पद्धत वापरतात तिला प्रतिसंकर म्हणतात. जनुक असलेल्या झाडाचा आपल्या पालक वाणाशी संकर करायचा, लेकरांतून बीटी असलेली झाडं निवडायची आणि त्यांचा पुन्हा त्याच पालकाशी संकर करायचा. प्रत्येक फेरीत पालक वाणाचा वाटा वाढत जातो. आधी ५० टक्के, मग ७५, मग ८७.५, आणि सहाव्या प्रतिसंकरानंतर ९९ टक्क्यांच्या पुढे. एक फेरी म्हणजे एक हंगाम. 'एक जनुक टाकायला इतकी वर्षं का लागतात' याचं उत्तर हे आहे.

मात्र बीटी आलं तरी नांदेड-४४ हा संकरच. बी दरवर्षी विकतच घ्यावं लागणार.

बोंडातली बी आणि गुलाबी बोंडअळी

इथे एक बारकावा आहे जो सहसा कुणी सांगत नाही.

झाड पहिल्या पिढीचं असलं, तरी त्याच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी असते. म्हणजे वर सांगितलेला पत्ते पिसण्याचा खेळ बोंडातच सुरू झालेला असतो. संकरित बीटीत बीटीचं जनुक साधारणपणे एकाच पालकाकडून आलेलं असतं. त्यामुळे बोंडातल्या दर चार बियांपैकी सरासरी एका बीत ते जनुक उतरतच नाही. बीजी-२ मध्ये दोन जनुकं आहेत, तिथे १६ पैकी ९ बियांत दोन्ही जनुकं, ६ बियांत एकच आणि एका बीत एकही नाही, असं गणित होतं.

गुलाबी बोंडअळी खाते काय? हीच बी. एकाच बोंडात काही बिया विषारी, काही अर्ध्या विषारी, काही बिनविषारी. थोडंफार विष पचवू शकणाऱ्या अळीला जगायला याहून चांगली जागा कुठली? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा वारंवार मांडला आहे. भारतात गुलाबी बोंडअळी बीटीला इतक्या लवकर सरावली, यामागे संकरित बीटी हे एक कारण असल्याचं त्यांचं म्हणणं आहे. याशिवाय कापूस फरदड ठेवून मार्च-एप्रिलपर्यंत शेतात उभा राहणं आणि बिगर-बीटी आश्रय ओळी न लावणं हीही कारणं आहेत. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने या अळीचा फटका काय असतो ते पाहिलं.

अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया या देशांतही बीटी कापूस आहे, पण तिथे तो प्रामुख्याने सरळ वाणांत आहे. सरळ वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती असतात, त्यामुळे बोंडातल्या प्रत्येक बीत बीटी उतरतं.

नांदेडने आता काय केलंय?

अलीकडच्या काळात नांदेडच्या याच कापूस संशोधन केंद्राने एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी आणि एनएच १९०४ बीटी हे कापसाचे सरळ बीटी वाण विकसित केले. नावात एक 'एच' कमी आहे ते बघा. एनएचएच म्हणजे नांदेड हायब्रीड, नुसतं एनएच म्हणजे हायब्रीड नाही. नागपूरच्या संस्थेनेही 'सुरज बीटी'सारखे सरळ वाण दिले आहेत.

याचे फायदे तीन.

एक, बी राखता येतं. पुढच्या वर्षी झाड तसंच येईल.

दोन, बी स्वस्त पडलं तर झाडं दाट लावता येतात. महाग संकरित बी शेतकरी चार-चार फुटांवर टोकतो आणि एका झाडाकडून भरपूर बोंडांची अपेक्षा ठेवतो. त्यासाठी झाडाला जास्त दिवस लागतात. मराठवाड्यात पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थांबतो आणि हलक्या रानातलं झाड ऐन बोंडं भरताना तहानेलं राहतं. दाट लावणीत एका झाडाला थोडीच बोंडं लागली तरी चालतात आणि पीक लवकर निघतं.

तीन, पीक लवकर निघालं की हिवाळ्यात वाढणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या तावडीतूनही बऱ्याच अंशी सुटतं.

पण हे रामबाण नाही. सरळ बीटी वाणांत आजवर आलेलं क्राय १एसी हे पहिल्या पिढीचं जनुक आहे. ते अमेरिकन बोंडअळीवर काम करतं, पण गुलाबी बोंडअळी त्याला केव्हाच सरावलेली आहे. त्यामुळे कामगंध सापळे, वेळेवर पऱ्हाटी उपटणं, फरदड न ठेवणं हे करावंच लागणार. भरपूर पाणी आणि भारी जमीन असेल, तर चांगला संकरित वाण उत्पन्नात पुढे राहू शकतो. सरळ वाणाचा खरा उपयोग आहे तो हलक्या, कोरडवाहू रानात, जिथे खर्च कमी ठेवणं हेच अर्धं उत्पन्न असतं.

घरचं बी राखायचं तर काय लक्षात ठेवायचं?

कायदा काय म्हणतो? पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, एकमेकांना देण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. अट एकच, संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने पाकीटबंद करून विकता येत नाही. मात्र केंद्राची मंजुरीच नसलेल्या एचटीबीटीसारख्या बियाण्याला हा हक्क लागू होतो असं समजू नका. त्याची विक्री आणि लागवड बेकायदेशीर आहे.

कापूस : सरळ वाण असेल तरच बी राखा. वर बघितलंच की मधमाश्या शेजारचा पराग आणतात. म्हणून बांधाकडच्या ओळी सोडून शेताच्या मधल्या निरोगी झाडांची, पहिल्या-दुसऱ्या वेचणीची बोंडं निवडा. खरी अडचण पुढे आहे. कापूस जिनिंगला गेला की सगळ्यांची सरकी एकत्र होते. त्यामुळे बियाण्याचा कापूस वेगळा ठेवून वेगळा पिंजून घ्यावा लागतो. गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून केलं तर हे परवडतं.

सोयाबीन : लातूर, नांदेडच्या शेतकऱ्यांसाठी हे सगळ्यात सोपं. पण सोयाबीनच्या बियांचं साल नाजूक असतं. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पी फार उंच रचली, तर बी दिसायला चांगलं राहून आतून मरतं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. म्हणून पेरणीआधी घरीच तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळा, गोणपाट ओलं राहील असं बघा आणि पाच-सात दिवसांनी मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर बी पेरण्याजोगं.

सूर्यफूल आणि इतर संकरित वाण : इथे घरचं बी नको. कारण वरचंच, दुसऱ्या पिढीत पत्ते पिसले जातात.

दुकानात कुठलंही बी घेताना एक प्रश्न हमखास विचारा, "हे संकरित आहे की सरळ?" पाकिटावर ते छापलेलं असतं. सरळ असेल तर पुढच्या वर्षीचं बी तुमच्या शेतात आहे. संकरित असेल तर पावती, पाकीट, त्यावरचा लॉट नंबर आणि पाकिटातलं मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही, तर कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना तोच पुरावा लागतो.

संकर वाईट आणि सरळ चांगला, असा या गोष्टीचा अर्थ नाही. नांदेड-४४ ने संकर असूनच मराठवाड्यातली कित्येक घरं चालवली. पण आई-बाप कुणाकडे आहेत आणि पुढच्या वर्षीचं बी कुणाच्या घरात आहे, हे माहीत असणं गरजेचं. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. त्या एका सकाळी त्याच्यावर कुणाचा पराग पडला, त्यावर पुढच्या जूनमध्ये दुकानासमोर उभं राहायचं की नाही, हे ठरतं.